मुगाला भुंगा लागला, राजमा तसाच कसा?

श्रावण सरला की मला येणारे प्रश्न बदलतात. उन्हाळ्यात सगळे पाली आणि मुंग्यांबद्दल विचारतात आणि गणपतीच्या सुमाराला एकच विषय, डब्यात भुंगा झालाय काय करू. या वेळी इतके मेसेज आले की म्हटलं अख्खं सदर यालाच देऊन टाकावं. आपल्या बडोद्यात कोणी भुंगा म्हणतं, कोणी नुसतं किडे, शेजारच्या बेन धनेडां म्हणतात आणि शेतीतले लोक भोटवा म्हणतात. मी इथे भुंगाच म्हणणारे. आणि हो, तांदळात-गव्हात सोंडवाले असतात ते सोंडे वेगळे, त्यांची पत्रं पुढच्या वेळी. कडधान्यातल्याला सोंड नसते, तपकिरी, गोलसर, पाठीमागे पंख थोडे आखूड पडलेले, तीन-चार मिलीमीटरचा प्राणी, आणि तो नात्याने पानं खाणाऱ्या भुंग्यांच्या घराण्यातला आहे, सोंड्यांच्या नाही.

*प्रश्न : एका दिवशी, एकाच दुकानातून मूग, चवळी, आख्खे मसूर आणि राजमा आणला. चारही बरण्या सारख्या धुतल्या, एकाच फळीवर ठेवल्या. मुगाची आणि चवळीची चाळण झाली, मसुराला थोडीशी भोकं आणि राजमा जसाच्या तसा. जाऊबाई म्हणतात मी बरण्या नीट पुसल्या नव्हत्या. खरं काय? (दांडिया बाजारातल्या एक काकू)*

काकू, आधी जाऊबाईंचं निस्तरू. बरणी पुसली असती तरी हेच झालं असतं, कारण भुंगा बहुतेक वेळा आपल्या घरी बाहेरून येतच नाही, तो दाण्याच्या आत बसून येतो. शेतात शेंगा वाळायला लागल्या की मादी शेंगेवर अंडी घालते, अळी शेंगेतून दाण्यात शिरते, कापणी होते, मळणी होते, पोतं बाजारात येतं, तुम्ही ते घासाघीस करून घेता आणि आतला पाहुणा सोबत. बाहेरून दाणा एकदम टवटवीत दिसतो, तुम्ही काय कुणीही फसेल. पुसण्याचा उपयोग एवढाच की मागच्या वर्षीचा चुरा आणि चुकार भुंगे निघून जातात, तेवढ्यापुरतं जाऊबाईंना मार्क द्या.

आता मूग का आणि राजमा का नाही. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एक धरतात. एक म्हणजे आईला कुठे अंडी घालावीशी वाटतात, दुसरी म्हणजे पोरं कुठे जगतात. मादी दाण्यावर चढते, फिरते, पायांनी-मिशांनी चाचपते, गुळगुळीत, भरलेला, बऱ्यापैकी मोठा दाणा तिला आवडतो. सुरकुतलेला, खडबडीत तितका नाही, म्हणून गुळगुळीत काबुली चण्याला देशी चण्यापेक्षा लवकर लागतो हे तुम्ही बघितलं असेल. अंडं ती डिंकासारखं चिकटवते. भिंगातून मुगावर पांढरे बारीक ठिपके दिसतील, ती अंड्यांची रिकामी टरफलं, अळी अंड्यातून बाहेर येतच नाही, खालच्या खालीच साल पोखरून सरळ दाण्यात उतरते आणि मागे टरफलात तिचा भुगा भरत जातो म्हणून ते पांढरं होतं. बाहेरच्या जगाचं तोंड न बघता अळी आत वाढते, आतच कोष करते, आणि शेवटी साल तेवढी पातळ ठेवून एक गोल खिडकी करते. चवळीवर गोल काळसर डाग दिसला की समजा खिडकी तयार आहे, चार दिवसांत साहेब ढकलून बाहेर.

आई मात्र फार हुशार असते असं नाही. दुसरं काही मिळालं नाही तर ती राजम्यावर अंडी घालते, प्रयोगशाळेत तर काचेच्या मण्यांवरसुद्धा घातली आहेत. पण राजम्यात एक प्रथिन असतं जे अळीच्या पोटातला स्टार्च पचवणारा रस बंद पाडतं. भरल्या ताटावर बसून उपाशी मरण, दुसरं काय. 1994 मध्ये हेच प्रथिन तयार करणारा जीन वाटाण्यात घालून बघितला तर वाटाणाही भुंग्याला पचेना. म्हणजे तुमच्या राजम्याच्या बरणीवर अंडी पडलीही असतील, पोरं आत गेली आणि गेलीच.

मसुराचं मधलं आहे. आपल्याकडे डब्यात साधारण दोन जाती सापडतात, चिनेन्सिस आणि मॅक्युलेटस. पहिलीला 1758 मध्ये लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने नाव दिलं, चीनशी तिचा संबंध नावापुरताच, आपल्याकडे ती घरचीच आहे. ओळखायचं तर चिनेन्सिसच्या नराच्या मिशा कंगव्यासारख्या असतात आणि मॅक्युलेटसच्या पंखांवर काळे डाग. मॅक्युलेटसला मसूर फारसा झेपत नाही, चिनेन्सिसला झेपतो. उडदाचं उलटं, चिनेन्सिसची पोरं उडदात मरतात आणि मॅक्युलेटसची मजेत वाढतात. त्यामुळे "आमच्या उडदाला कधीच लागत नाही" आणि "आमच्या उडदाला दरवर्षी लागतो" असं सांगणाऱ्या दोन्ही शेजारणी खरं बोलत असतात.

*प्रश्न : मे मध्ये डबा भरला तेव्हा काहीच नव्हतं. जूनमध्ये दोन दिसले, काढून टाकले. राखीपौर्णिमेला डबा उघडला तर मूग हलत होते! एवढ्यात एवढे कुठून आले? (कारेलीबाग)*

दोन दिसले म्हणजे दोनच होते असं नाही हो ताई. जे दिसतात ते बाहेर आलेले, त्यांची शेवटची दहा-बारा दिवसांची जिंदगी, त्यात ते काही खातसुद्धा नाहीत, फक्त लग्न आणि अंडी. खाणारे सगळे आत.

हिशोब करून बघू, ढोबळच. समजा पावसाच्या सुरुवातीला दोन माद्या आहेत. एकेक मादी 80 अंडी घालते धरू, 100 पर्यंतही घालते. निम्मी जगली, जगलेल्यांतल्या निम्म्या माद्या. साधारण तीस अंश आणि दमट हवा असेल, म्हणजे आपला जुलै-ऑगस्ट अगदी तसाच, तर अंड्यापासून भुंगा व्हायला 25-30 दिवस. महिन्याने 40 माद्या. दोन महिन्यांनी 800. त्या 800 माद्यांची अंडी होतात 64,000 आणि एक किलो मुगात दाणे असतात 25,000 च्या आसपास. इथे हिशोब तुटतो, कारण एवढ्याशा मुगात सहसा एकच भुंगा वाढून बाहेर पडतो. म्हणजे तुम्ही जूनमध्ये दोन बघून झाकण लावलंत आणि तिसऱ्या महिन्यात दाणेच कमी पडायला लागले. मी शाळेत शिकवत होते तेव्हा आठवीच्या पोरांना चक्रवाढ शिकवायला गणिताच्या सरांनी माझ्याकडून मुगाची बाटली नेली होती, बँकेच्या व्याजापेक्षा पोरांना ते जास्त कळलं.

यात एक गंमत आहे. मादी दाण्यावर आधीचं अंडं आहे का हे तपासते, असेल तर शक्यतो दुसरा दाणा बघते, त्यामुळे सुरुवातीला अंडी एकेका दाण्यावर एकेक अशी नीट पसरलेली असतात. भोकांचे मूग डब्यात एका कोपऱ्यात न सापडता सगळीकडे सापडतात ते यामुळेच. गर्दी झाली की मग हा शिस्तीचा कारभार संपतो, एका दाण्यावर पाच-पाच सात-सात अंडी, माद्या एकमेकींच्या अंगावर, अंडी कमी घातली जातात, आतल्या अळ्या एकमेकींना जगू देत नाहीत. म्हणून संख्या वर जाते आणि आपोआप आपटते. थंडी आली की सगळंच मंदावतं, जी पिढी महिन्यात होत होती ती लांबत जाते, आणि लोकांना वाटतं डिसेंबरात कीड गेली. गेली नाही, आत बसली आहे.

*प्रश्न : सुरुवातीचे भुंगे सुस्त होते, बोट लावलं की मेल्याचं सोंग घ्यायचे. आता झाकण काढलं की उडून सरळ खिडकीवर आणि ट्यूबलाइटवर. ही दुसरी जात आली का? (मांजलपूर)*

जात बहुतेक तीच. पण हा प्रश्न ज्याने लिहिलाय त्याचं निरीक्षण भारी आहे, बायको ओरडत असताना कोण भुंग्याच्या चालीकडे बघतं! मॅक्युलेटस दोन प्रकारचे होतात. डब्यात जागा भरपूर असेल तेव्हा जन्मणारे घरबशे, फार उडत नाहीत, बाहेर आल्या आल्या अंडी घालायला तयार, आणि लवकर मरणारे. गर्दी वाढली, एका दाण्यात बऱ्याच अळ्या झाल्या, त्यांच्याच उष्णतेने धान्य तापलं, की पुढच्या पिढीत उडणारे निघतात. रंगाने वेगळे, जास्त दिवस जगणारे, माद्यांच्या पोटात अंडी अजून पिकलेली नसतात कारण आधी प्रवास करायचाय. जपानमध्ये उतिदा नावाच्या शास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात यावर बरंच काम केलं. तुमच्या डब्यातली पोरं परदेशी निघालीत म्हणा, म्हणजे इथलं खाणं संपत आलंय हे त्यांना कळलं, तुम्हाला नंतर कळलं. खिडकीवरचे झाडून टाकाच पण ते शेजारच्या फळीवरच्या चवळीत जायच्या आधी.

*प्रश्न : मुगाच्या जुन्या बरणीत भुंग्यांबरोबर पंखवाल्या, मुंगीहून बारीक काळ्या माशा आहेत. ही आणखी एक कीड का? फोटो पाठवलाय. (रावपुरा)*

फोटो बघून मी खूश झाले. त्या माशा नाहीत, गांधीलमाशीच्या दूरच्या चिमुकल्या बहिणी आहेत, चावत नाहीत, मुगाला हातही लावत नाहीत. त्यांची मादी दाण्यावर बसते, आत अळी नेमकी कुठे आहे ते हुडकते आणि सालीतून सुईसारखी नळी आत घालून अळीवर अंडं घालते. पुढे तिचं पोर भुंग्याची अळी खाऊन वाढतं. म्हणजे भोकातून भुंगा निघायचा तिथे ही बाई निघते.

वर म्हटलं त्या उतिदांनीच भुंगा आणि असल्या गांधीलमाश्या एकत्र पाळल्या, दाणे वेळोवेळी बदलत राहिले आणि पिढ्यानुपिढ्या मोजदाद केली. भुंगे वाढले की मागून माश्या वाढतात, माश्या वाढल्या की भुंगे घटतात, मग खायला नाही म्हणून माश्या घटतात, मग परत भुंगे. 1957 मध्ये त्यांनी हे छापलं आणि आजही शिकवलं जातं. एवढं मोठं शास्त्र आणि साहित्य काय तर कडधान्य आणि किडे. तुमच्या बरणीत तेच चाललंय, फरक एवढा की तुम्हाला मूग खायचेत, त्यामुळे माश्यांवर भरवसा ठेवून बसू नका. भुंगे पार संपवणं त्यांच्या फायद्याचं नाही आणि त्या तसं करतही नाहीत.

*प्रश्न : मॅडम मी बायोलॉजीचा स्टुडंट आहे, होस्टेलवर राहतो. मसूर मॅक्युलेटसला झेपत नाही म्हणतात, तर सगळ्यांनी मसूरच साठवला तर कीड संपेल का? की ती शिकून घेईल? (फतेगंज)*

शिकून घेते, बाळा, आणि फार पटकन. अमेरिकेत युटामध्ये फ्रँक मेसिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. त्यांच्याकडचे भुंगे मूळ आपल्याच तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीचे, 1979 मध्ये तिथून नेलेले, पिढ्यानुपिढ्या मुगावर वाढलेले. त्यांना नुसता मसूर दिला. पहिल्या पिढीत शंभरातले एक-दोन जगले. संख्या अशी कोसळली की बऱ्याच बाटल्यांतले भुंगे कायमचे संपले. पण ज्या बाटलीत थोडे तगले तिथे जगणाऱ्यांचं प्रमाण पिढीगणिक वाढत गेलं आणि वीस पिढ्या व्हायच्या आत शंभरातले ऐंशीहून जास्त जगायला लागले. 2009 मध्ये हे प्रसिद्ध झालं. एकेका भुंग्याला शिकवणी लावली असं नाही, ज्यांना मसूर थोडा तरी पचत होता तेवढेच उरले आणि पुढची सगळी त्यांची पोरं.

मला यात आवडतं ते हे की पहिल्या चार-पाच पिढ्या बघणाऱ्याने शपथेवर सांगितलं असतं, मसुराला कीड लागत नाही. तुमच्या होस्टेलच्या कपाटात वीस पिढ्या व्हायला दीड-दोन वर्षं लागतील, तेवढे दिवस एकच मसुराची पिशवी तिथे असू नये एवढं बघ. आणि सगळ्यांनी मसूरच खायचा हे आपल्या बडोद्याच्या घरांत कोण ऐकणारे, चवळी-मूग लागतातच.

*प्रश्न : उपाय सांगा. आई दिवेल लावायची, सासूबाई कडुनिंबाचा पाला टाकतात, दुकानदार पाऱ्याच्या गोळ्या देतो, मुलगी म्हणते फ्रीझरमध्ये ठेव. कोण बरोबर? (अलकापुरी आणि इतर पुष्कळ)*

आई आणि मुलगी.

दिवेल म्हणजे एरंडेल, आपल्याकडे तेलवाली तुवेरची डाळ अजून विकत मिळते, बाहेरगावचे लोक बघून चकित होतात. आमच्याकडे हाथीखान्याच्या धान्यबाजारातून पोतं यायचं आणि मे महिन्यात गच्चीवर दोन दिवस सगळ्या बायका हातांना तेल लावून बसलेल्या, ते करताना कोणी कारण सांगितलं नाही. कारण असं की तेलाच्या पातळ थराने अंड्याचा श्वास कोंडतो आणि अंडं मरतं, शिवाय निसरड्या दाण्यावर अंडी नीट चिकटतही नाहीत. दिवेलच पाहिजे असं नाही, शेंगदाण्याचं तेलही चालतं, किलोला एक चमचा, म्हणजे 5 मिलीच्या आसपास, फक्त प्रत्येक दाण्याला लागलं पाहिजे, वरून ओतून डबा हलवला तर उपयोग नाही. दाण्यात खोल गेलेल्या अळीला तेलाने फारसं काही होत नाही म्हणून आधी ऊन मग तेल, हा जुना क्रम बरोबर आहे. दिवेलाचं कडधान्य शिजवण्याआधी कोमट पाण्याने धुवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी घरात रांग लागेल.

उन्हाचं सांगायचं तर पांढऱ्या चादरीवर जाड थर पसरला तर मोठे भुंगे सावलीत चालत जातात आणि आतले आरामात राहतात. खाली जुनी गोधडी, तिच्यावर काळं प्लास्टिक, त्यावर कडधान्याचा अगदी पातळ थर, वरून पारदर्शक प्लास्टिक आणि कडेला विटा. दाण्याचं तापमान 57 अंशांवर तासभर राहिलं किंवा 65 वर पाच मिनिटं राहिलं तर अंड्यापासून भुंग्यापर्यंत सगळं मरतं, आणि आपला मे महिना असला तर प्लास्टिकखाली तेवढं तापायला दुपार पुरते. मटकीला मोड आणायचे असतील तर आधी मूठभर करून बघा, जास्त तापलेल्याला मोड रुसतात.

फ्रीझर उत्तम. किलो-दोन किलोचं घर असेल तर आणल्या आणल्या पिशवीसकट आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, मग पिशवी न उघडता बाहेर काढून घरच्या गरमीला येऊ द्या नाहीतर दाण्यावर पाणी सुटतं. हवाबंद डबाही चालतो, पण अर्धा भरलेला नको, गच्च गळ्यापर्यंत. आतला ऑक्सिजन अळ्या वापरून टाकतात, तो संपला की त्यांना खाण्यातून शरीरापुरतं पाणीही तयार करता येत नाही, वाळून मरतात. रोज उघडायचा डबा वेगळा ठेवा. तूर वर्षभर ठेवायची तर आख्खी ठेवण्यापेक्षा डाळ करून ठेवलेली बरी, फोडलेल्या डाळीवर या भुंग्याची वंशवेल फार चढत नाही.

कडुनिंबाचा पाला, लाल मिरची, लवंगा... सासूबाईंना सांगू नका पण नुसत्या पाल्याने मी तरी भुंगा थांबलेला बघितला नाही, माझ्या डब्यात पाल्यावरच चढून बसले होते. वास छान येतो, टाकत राहा.

पाऱ्याच्या गोळ्या मात्र नकोच. पारा हे विष आहे, खाण्याच्या धान्यात त्याचं काय काम, दुकानदार गोड बोलला तरी परत द्या. आणि दोघांनी सल्फासच्या गोळ्यांबद्दल विचारलंय. त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी गॅस निघतो, गोदामात प्रशिक्षित लोक वापरतात ती गोष्ट वेगळी, बंद घरात झोपलेल्या माणसांचा जीव गेलाय त्याने. घरात आणू नका, दुसऱ्याने आणली असेल तर घराबाहेर ठेवायला सांगा आणि त्यांना माझ्याशी फोनवर बोलायला लावा, संपादक नंबर देतील.

*प्रश्न : भोकं पडलेले मूग खाल्ले तर चालतात का? टाकवत नाही हो. (निजामपुरा)*

थोडी भोकं असतील तर चाळा, भरपूर पाण्यात घाला, पोकळ झालेले वर तरंगतात ते फेकून द्या, खाली बसलेले दोनदा धुवून शिजवा. विषबाधा वगैरे होत नाही. पण निम्म्याहून जास्त तरंगले, पीठ पडतंय, कडवट वास येतोय तर सोडून द्या, त्यात दाण्यापेक्षा भुंग्याची घाण जास्त असते आणि चवही जाते. श्रावणातल्या उपवासाच्या दृष्टीने चालतं का असं तुम्ही खाली बारीक अक्षरात विचारलंय, ते मात्र गुरुजींना विचारा. मी तरंगलेले मूग गच्चीवर कबुतरांना टाकले होते, त्यांनीही फक्त चांगले वेचून खाल्ले.